बघतो म्हणजे काय

१२ जुलै, रविवार. फुटबॉल टीमच्या जर्सी धुऊन मी मागच्या दोरीवर वाळत घालत होते. आमचा मेलकावेरीतला क्लब डबघाईला आला होता. कुणी चालवायला घेतला नाही, तर या मोसमानंतर बंदच होणार. नाचियार्कोविलचा एक समयांचा व्यापारी घेईल असं ऐकून हे सकाळीच त्याच्याकडे गेले होते.

हे परतले तेव्हा ओट्यावर माझे थोरले दीर आणि शेजारचे मास्तर वाट पाहत बसलेले.

"काय म्हणाला?" दिरांनी विचारलं.

"बघतो म्हणाला."

"तमिळमध्ये काय म्हणाला ते सांग. पात्तुक्करेन का पाक्करेन?"

पहिल्याचा अर्थ 'मी सांभाळतो', दुसऱ्याचा नुसतं 'बघू'. घरात आम्ही मराठी बोलतो, आणि मराठीत ह्यांनी दोन्हींचं 'बघतो' करून टाकलं होतं.

"बहुतेक पात्तुक्करेन," हे म्हणाले. मग चपला काढत, "पण हसत म्हणाला."

"हसत म्हणजे पाक्करेनच!" मास्तर ओरडले. "आणि घेतलाच, तर जर्सीवर समई छापेल."

"छापू दे. सध्या सगळा अंधारच आहे," दीर म्हणाले.

जेवणं निवली तरी ठरेना. ऐकून ऐकून मलाही दोन्ही शब्द सारखेच वाटायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसने नाचियार्कोविलला गेले आणि त्या व्यापाऱ्याला तमिळमध्ये सरळ विचारलं, क्लब घेणार का नाही.

"अम्मा, त्याचं असं आहे..." त्याने सुरुवात केली.

मी ह्यांना फोन लावला, "आता तुम्हीच ऐका," म्हणाले आणि फोन त्याच्या हातात दिला.