पन्नाशीपुढचा रकाना

आमच्या इन्स्पेक्टरकाकांच्या हाती पडून धडपणे परत आलेला एकही कागद अख्ख्या वसई तालुक्यात सापडणार नाही. लग्नपत्रिका असो, विजेचं बिल असो, सोसायटीची नोटीस असो, त्यांच्या खिशातली तांबडी पेन्सिल एकदा बाहेर आली की त्या कागदाचं काही खरं नसे. पस्तीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ते बाजारात शिरले की भाजीवाल्या गुपचूप पारड्याखाली चिकटवलेला चिंचेचा गोळा काढून टाकायच्या. भाजीवाल्या सुटायच्या, कारण काका अर्ध्या तासात घरी जायचे. मी सुटत नसे. माझ्याकडे ते आठवड्यातून तीनदा येत.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. वसईतल्या एका लहानशा संस्थेत मी नोकरीला होते. एचआयव्ही झालेल्या लोकांना आम्ही सल्ला द्यायचो, औषधं कशी घ्यायची ते समजवायचो. दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या होत्या. आमच्या प्रमुख डॉक्टरबाई होत्या, आणि उरलेली सगळी संस्था म्हणजे मी. काका आले ते रुग्ण म्हणून. वय बासष्ट, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. नोंदणीचा फॉर्म दिला तर पाच मिनिटांत त्यांनी त्यावर सात तांबड्या खुणा करून परत ठेवला. वयाच्या रकान्यावर तर त्यांनी मोठं वर्तुळच काढलं होतं.

"हे काय आहे? पंधरा ते चोवीस, पंचवीस ते एकोणपन्नास, आणि पुढे 'इतर'. मी इतर?"

"काका, वरून छापून येतात हे फॉर्म. पन्नाशीपुढचे लोक कमी असतात ना आपल्याकडे."

"कमी असतात की तुम्ही मोजत नाही?"

नोकरी लागून मला तिसरा महिना होता. विषय बदलावा म्हणून मी त्यांना वजनकाट्यावर उभं राहायला सांगितलं. ती त्याहून मोठी चूक झाली. काटा चारशे ग्रॅम जास्त दाखवतो हे त्यांनी उभ्याउभ्या जाहीर केलं, आणि तो दुरुस्त होईपर्यंत वजन करून घ्यायला साफ नकार दिला. दोन महिने त्यांच्या कार्डावर वजनाची जागा कोरी राहिली. शेवटी ते स्वतःच ओळखीच्या कारागिराला घेऊन आले, काटा नीट करून घेतला, आणि मग ऐटीत त्यावर चढले.

हा आजार त्यांना कसा झाला, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आमच्याकडे येणारा जो तो आपणहून काही ना काही कारण सांगायचा. काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "ते विचारायचं नाही." बायको हृदयविकाराने गेली, तिला हे नव्हतं, तिची तपासणी करून घेतली होती, एवढं मात्र ते न विचारता बोलले आणि छत्री उचलून निघाले.

त्याच सुमारास डॉक्टरबाईंच्या मनात आलं की पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या रुग्णांचा नीट अभ्यास करावा. नव्या औषधांनी माणसं जगायला लागली होती. पण म्हातारपण आणि हा आजार एकत्र आले की जगणं कसं असतं, काय केलं तर ते सुसह्य होईल, हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यासाठी दिल्लीच्या एका संस्थेकडून संशोधनाचं अनुदान मागायचं ठरलं. प्रस्ताव मी टाइप करायचा, सोबत प्रश्नावली जोडायची. काकांना याचा सुगावा कसा लागला ते देव जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलासमोर हजर, पेन्सिलीला टोक काढलेलं.

"'आपण आपल्या जीवनाबाबत कितपत समाधानी आहात? अजिबात नाही, थोडे, मध्यम, खूप.' हे मध्यम म्हणजे किती गं?"

"मध्यम म्हणजे मध्यम, काका."

"सकाळी गुडघे धरलेले असतात तेव्हाचं, की दुपारी जेवल्यावरचं?"

"काका, मला सोमवारी हे कुरिअर करायचंय!"

"मग आज गुरुवार आहे. भरपूर वेळ आहे. चल, सांडोरला जाऊन एकदा वापरून बघू तुझं माप."

वैतागत का होईना, मी गेले, कारण नाही म्हटलं असतं तर ते टेबलापुढून हलले नसते. सांडोर गावात आमच्या एक रुग्ण बाई होत्या, पासष्टीच्या, विधवा, घरामागे केळीची वाडी. मी ओटीवर बसून प्रश्न वाचत गेले आणि बाई प्रत्येकाला "खूप" म्हणत गेल्या. समाधान खूप, झोप खूप, घरच्यांचा आधार खूप. मी विजयी मुद्रेने काकांकडे पाहिलं. काका केळीच्या घडाकडे बघत होते. मग त्यांनी सहज विचारलं, "बाई, गोळ्यांच्या बाटलीचं झाकण कोण उघडून देतं तुम्हाला?"

बाईंनी हात पदराखाली घेतले. ते झाकण दाबून फिरवायचं असतं. त्यांची बोटं वाकडी झाली होती.

"सून देते ना?" मी म्हटलं.

"तिला कसली गोळी ते ठाऊक नाय," बाई हळूच म्हणाल्या. "मी झाकण लावीतच नाय. उघडीच ठेवते, तांदळाच्या डब्यात लपवून. आता सगल्या ओल्या होऊन चिकटल्या." थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक सांगितलं. गेल्या महिन्यात त्या दोन दिवस तापाने पडून होत्या आणि कुणाला कळवावं तेच त्यांना सुचलं नव्हतं.

परत येताना काकांनी रिक्षाच्या मीटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उपकारच म्हणायचे. ऑफिसात आल्यावर मात्र त्यांनी माझे बारा प्रश्न खोडले आणि नवे नऊ लिहिले. पहिला प्रश्न झाकणाचा. खाली एक रकाना वाढवला: 'अडचणीत कळवायची घरची व्यक्ती, तिच्या सहीसह.' "याच्याशिवाय फॉर्म घ्यायचाच नाही," असा वर हुकूम. डॉक्टरबाईंकडे मी रडकुंडीला येऊन तक्रार केली. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "सगळं पुन्हा टाइप कर." शनिवार-रविवार माझा त्यात गेला.

अनुदान नाकारलं गेलं. हा विषय सध्या अग्रक्रमाचा नाही, असं दिल्लीचं पत्र आलं. काकांनी त्या पत्रातल्या दोन चुका तांबड्या पेन्सिलीने दुरुस्त केल्या आणि मला न सांगता ते उलट टपाली पाठवून दिलं. आता दिल्लीचे दरवाजे कायमचे बंद, म्हणून मी कपाळाला हात लावला. पण पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा मागणी केली, आणि पैसे मंजूर झाले. काका म्हणाले, "बघ. वाचलं त्यांनी." मी वाद घातला नाही.

पहिला फॉर्म अर्थातच काकांना दिला, नाव-पत्ता मीच आधी भरून. त्यांनी तो सावकाश वाचला, शेवटपर्यंत आले, आणि तिथेच थांबले. पेन्सिल खिशातच राहिली.

"हा सहीचा रकाना काढून टाक," ते म्हणाले.

माझा संयम तिथे सुटला. "काका, हा तुम्हीच घातलाय! माझे दोन दिवस गेले होते त्यात! आता एक रेघ हलणार नाही!"

"घरी माहीत नाही," ते म्हणाले.

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन वसाहतीत मुलगा-सुनेबरोबर ते राहत. आपले बाबा एका संस्थेचे कागद फुकट तपासून देतात, एवढंच मुलाला ठाऊक होतं. दोन वर्षं गोळ्या जुन्या फायलींच्या कपाटात होत्या. मी म्हटलं, माझं नाव घाला, पुतणी म्हणून लिहा. ते म्हणाले, "खोटं लिहायचं नाही," आणि फॉर्मची घडी करून निघून गेले.

तीन आठवडे ते फिरकले नाहीत. पहिला आठवडा मी सुखात काढला. दुसऱ्यात जिना वाजला की मान वर व्हायला लागली. तिसऱ्यात एव्हरशाईनला जायचं ठरवलं आणि रद्द केलं, कारण दारात मी कोण म्हणून सांगणार होते?

एका दुपारी ते आले. मागे पस्तिशीचा एक माणूस, तसाच सडपातळ. दोघंही रात्री झोपले नसावेत. मुलगा खुर्चीच्या काठावर बसला, फॉर्म पुढे ओढला आणि सही केली. मग बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा रडणार.

"इथे पत्त्यात पिनकोड चुकलाय," तो मला म्हणाला. "पूर्व आहे, तुम्ही पश्चिमेचा टाकलाय."

मी काकांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते, आणि त्यांची हनुवटी थरथरत होती. हसत होते की काय, मला सांगता यायचं नाही. जिना उतरताना मुलाने हात पुढे केला. काकांनी तो धरला.

त्यानंतर त्यांनी मला आणखी पाच वर्षं छळलं. सांडोरच्या बाईंकडे दर सोमवारी बाटली उघडून गोळ्या छोट्या डबीत भरायला मला पाठवलं, आमच्या अहवालाची तीन प्रूफं रंगवली, माझ्या लग्नपत्रिकेतसुद्धा एक वेलांटी बदलली. शेवटच्या आजारात मुलगा मला नियमाप्रमाणे फोन करून कळवत असे. मी हिशेब धरून चालले होते की अजून दहा वर्षं तरी ते मला काही सोडत नाहीत.