एकोणतिसाचा पाढा

दुष्काळाच्या त्या वर्षांत मी नगरच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. टँकर आणि खडीची कामे यांच्या बातम्यांतून वेळ उरला की तालुक्यातल्या बैठकांना जाऊन बसावे लागे. त्यांतली एकच बैठक पुरती आठवते.

सोनईहून शेवगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले आणि वाचा बसली. नगरच्या डॉक्टरांनी दीर्घ रजा लिहून दिली. ती पगारी मंजूर झाली तर नगरला राहून उपचार होणार होते. नामंजूर झाली तर वर्गावर उभे राहायचे, नाहीतर नोकरी सोडायची. निर्णय तालुक्याच्या शिक्षण समितीच्या हाती होता. समितीत शिकलेले कोणी असावे अशी अट नव्हती, आणि तसे कोणी नव्हतेही.

शिक्षकांना बाकावर बसवले होते. शेजारी त्यांची बायको. डॉक्टर स्वतः आले होते.

अध्यक्षांनी दाखला हातभर लांब धरून वाचला. "हात गेलाय उजवा, आन बिघाड लिवलाय डाव्या बाजूला. डाक्टर, आमाला येडं समजता व्हय?"

"डावा मेंदू उजवं अंग चालवतो," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी शांतपणे सांगितले : मेंदूवर एक साल असते, भाकरीपेक्षा पातळ, घड्या घालून कवटीत बसवलेली. तिच्यात जागा ठरलेल्या आहेत. मागे दृष्टी, मधल्या पट्ट्यात हातापायांची हालचाल, त्याला लागून स्पर्श, पुढे विचार आणि बेत, आणि बहुतेकांची भाषा डाव्या कानशिलाच्या आसपास. गुरुजींची रक्तवाहिनी तिथेच तुंबली.

"म्हंजी मेंदूचा बी सातबारा हाय म्हना की!" अध्यक्ष म्हणाले. सदस्य हसले. अध्यक्ष बोलले की हसायचे, एवढे काम ते नियमाने करीत.

"आहे," डॉक्टर म्हणाले. "फक्त त्यात तुम्हाला फेरफार करता येत नाही."

यावर कोणी हसले नाही. एका सदस्याला मात्र युक्ती सुचली. "गुरुजी, एकोणतिसाचा पाढा म्हना बरं."

शिक्षकांचा चेहरा उजळला. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. शाळेतल्या त्याच चालीत, कुठेही न अडखळता, ते दाहेपर्यंत गेले.

"सोंग हाय!" सदस्य मांडीवर थाप मारून म्हणाला. "लई बेरकी मास्तर!"

"आता एकोणतीस चोक किती ते विचारा," डॉक्टर म्हणाले.

अध्यक्षांनी विचारले. शिक्षकांच्या तोंडून नुसता घोगरा आवाज निघाला. मग त्यांनी पाढा पहिल्यापासून धरला, चोक ओलांडले आणि दाहेवरच थांबले.

"आलं की त्यात उत्तर," अध्यक्ष म्हणाले.

घोकलेले आणि चालीत म्हटलेले दुसऱ्या वाटेने बाहेर पडते, मनातले सांगण्याची वाट तेवढी बंद झाली आहे, हे डॉक्टरांनी दोनदा समजावले. समितीच्या मेंदूची साल शाबूत होती. तिचा उपयोग झाला नाही.

तेव्हा बायको बोलली. "सायेब, ह्यांना पानी मागता येत न्हाई. तान लागली की पाढाच म्हनत्यात."

"म्हनू द्या की बाई. शाळेत दुसरं काय करायचंय?"

रजा नामंजूर झाली. आमच्या दैनिकाने 'समितीची काटकसर' या मथळ्याखाली ती बातमी छापली.

काही महिन्यांनी त्याच गावी टँकरच्या बातमीसाठी गेलो. शाळेची तपासणी नुकतीच झाली होती. साहेबांनी शेरा दिला होता : पाठांतर उत्तम, शिस्त चांगली. अध्यक्षांनी तो मला स्वतः ऐकवला. आपला निर्णय बरोबर ठरला असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्या शाळेपुरते ते खरेही होते. वर्गात गुरुजी म्हणत आणि पोरे मागून म्हणत. त्यापलीकडे त्या शाळेने कोणत्याच शिक्षकाकडून काही मागितले नव्हते.

मी दारात उभा होतो. गुरुजी डाव्या हाताने टेबलाची कड धरून उभे होते. पोरे गप्प बसून पाटीवर लिहीत होती. मध्येच गुरुजींनी एकोणतिसाचा पाढा सुरू केला. पोरांनी पाट्या खाली ठेवल्या आणि ती जोरात मागून म्हणायला लागली. गुरुजींचा आवाज चढत गेला, तसा पोरांचाही.

बायको व्हरांड्यात बसलेली असे. ती तांब्या घेऊन उठली.