खाटेवरून दिसलेली लेक

माझी लेक आठ महिन्यांची होती. त्या दिवशी सकाळी मी तिला अंगावर पाजलं, सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि शाळेला निघाले. त्यानंतर नऊ आठवडे मला तिला जवळ घेता आलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळातला हिवाळा होता तो. आम्ही कोपरगावजवळच्या एका गावात राहत होतो. हे साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर होते आणि मी तीन मैलांवरच्या वाडीतल्या शाळेत शिक्षिका. शाळेत चार वर्ग होते आणि शिकवायला मी एकटी. कामावर जाताना हे मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून शाळेपाशी सोडत. त्या सकाळी कालव्याच्या चारीच्या कडेच्या अरुंद वाटेवर ऊस टाकून परतणारी रिकामी बैलगाडी समोर आली. बैल कशाला तरी बुजले. ह्यांनी सायकल बाजूला घेतली, चाक भुसभुशीत मातीत घसरलं आणि मी गाडीच्या अंगाला पडले. गाडीचं चाक माझ्या उजव्या मांडीवरून गेलं. आवाज मला ऐकू आला, दुखणं मागाहून आलं.

कोपरगावच्या डॉक्टरांनी पायाला फळी बांधली आणि नगरच्या मोठ्या रुग्णालयात न्यायला सांगितलं. कारखान्याने जीप दिली. राहुरीच्या पुढे रस्ता इतका खराब होता की प्रत्येक खड्ड्याला मी ह्यांचा हात दाबत होते. तेवढ्यातही एकच सांगत होते, "तिला म्हशीचं दूध नुसतं देऊ नका. पाणी घालून द्या. ती चमच्याने पीत नाही, बोंडल्याने पाजायला सांगा." हे "हो" म्हणत होते. त्यांच्या शर्टाचं कोपर फाटलं होतं आणि रक्तही येत होतं, ते मला नगर आल्यावर दिसलं.

रुग्णालयात माझ्या गुडघ्याखाली हाडातून एक सळई आरपार घातली. तिला दोरी बांधली, दोरी पायथ्याच्या कप्पीवरून खाली सोडली आणि टोकाला वजन टांगलं. खाटेचं पायथ्याकडचं टोक ठोकळ्यांवर उचललेलं होतं, त्यामुळे माझं डोकं खाली आणि पाय वर. एक तरुण डॉक्टर माझा कागद बघून म्हणाले, "मांडीचं हाड मोडलंय. असंच पडून राहायचं."

"किती दिवस?" मी विचारलं.

ते तोवर पुढच्या खाटेशी गेले होते. उत्तर मला वॉर्डातल्या आयाने दिलं. तिने माझ्या खाटेखालचं भांडं उचलता उचलता सांगितलं, "दोन-अडीच म्हैने धरा बाई. हितं पाय टांगला की घाई न्हाई करायची."

तिसऱ्या दिवशी मला सडकून ताप भरला. डॉक्टर आले, सळईभोवतीची जखम बघितली, ती स्वच्छ होती. इंजेक्शन दिलं. ताप उतरेना. माझी छाती दगडासारखी झाली होती, पण ते पुरुष डॉक्टरांना सांगायची मला लाज वाटली आणि त्यांनीही विचारलं नाही. सगळ्यांचं लक्ष पायाकडे होतं. दुपारी अंग पुसताना आयाचा हात लागला आणि ती थांबली.

"लेकरू अंगावर पितं का?"

मी मान हलवली आणि रडायला लागले. तिने जाऊन गरम पाण्याची तपेली आणली, फडक्याने शेकलं, पडदा ओढून दूध पिळून काढलं. रोज दोनदा, असे पाच दिवस तिने केलं. मग एक जुनं लुगडं फाडून छाती घट्ट बांधली. वाडग्यातलं दूध ती मोरीत ओतायला नेई तेव्हा मी भिंतीकडे तोंड करत असे. सहाव्या दिवशी दूध आटलं. तापही गेला. मला बरं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही.

शेजारच्या खाटेवर पाथर्डीकडची एक म्हातारी होती. आटलेल्या विहिरीच्या पायऱ्या उतरताना पडून तिचा खुबा मोडला होता. तिला एकच मुलगा, तो बायकोला घेऊन कुठेतरी दुष्काळी कामावर गेलेला. गावच्या लोकांनी तिला आणून दाखल केलं होतं. ती मला मास्तरीण म्हणे, मी तिला मावशी. दोघींना कुशीवर वळता येत नव्हतं, त्यामुळे आम्ही छताकडे बघतच बोलायचो. मी लेकीबद्दल बोलले की ती मध्ये बोलत नसे. एकदा म्हणाली, "मालकांना सांग, लेकराचं अंगातलं झबलं आना. धुतलेलं न्हाई, अंगातलंच. उशाखाली ठिवायचं. लई बरं वाटतं."

"तुम्ही ठेवलं होतं कधी?"

"माजं गेल्यालं लेकरू हुतं, त्याचं ठिवलं हुतं," ती म्हणाली.

हे दर रविवारी एस.टी.ने येत. पुढच्या रविवारी त्यांनी धोतराच्या फडक्यात गुंडाळून झबलं आणलं. पिवळं, गळ्यापाशी दुधाचा डाग पडलेलं. त्याला तेलाचा, चुलीच्या धुराचा आणि तिच्या मानेच्या घडीत असायचा तो आंबूस वास होता. मी ते उशीखाली ठेवलं. दुपारी वॉर्ड शांत झाला की तोंडावर घेऊन पडायची. मावशीही मागायची, हात लांब करून. मी देत असे.

बारा दिवस ते माझ्याकडे राहिलं. मग एका सकाळी चादरी बदलल्या आणि तेही गेलं. चार दिवसांनी आयाने ते माझ्या पोटावर आणून ठेवलं. सोड्यात उकळून कडक झालेलं, पांढुरकं. डागसुद्धा नव्हता. मी तिला खूप बोलले. सगळा वॉर्ड ऐकत होता. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मळकं दिसलं म्हनून दिलं धुवायला. मला काय ठावं बाई." तिला खरंच ठाऊक नव्हतं. ज्या बाईने मला पाच दिवस शेकलं तिलाच मी असं बोलले, याचं मला दुसऱ्या दिवशी वाईट वाटलं. पण माफी मागितली नाही. ती राहूनच गेली.

वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर श्रीरामपूरकडच्या होत्या. उंच, सावळ्या, कडक इस्त्रीच्या. त्यांना कुणी हसताना पाहिलं नव्हतं. भेटायची वेळ संपली की त्या नुसत्या दारात उभ्या राहत आणि नातेवाईक पिशव्या उचलत. त्यांची मला भीती वाटे.

तिसऱ्या रविवारी हे आले ते बसलेच नाहीत. पायथ्याशी वाकून कप्पीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, हे वजन लोंबकळतच नाही. खाटेच्या दांडीवर टेकलंय. दोरीची गाठ कप्पीत अडकलीय. ओढ कुठली बसणार?"

मी खाली सरकले होते, त्याने वजन टेकलं होतं. किती दिवस तसं होतं देव जाणे. ह्यांनी तरुण डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही काय करता?"

"कारखान्यात फिटर आहे."

"मग कारखान्यातली यंत्रं बघा. इथलं आम्ही बघतो."

ह्यांचे कान लाल झाले. पण ते जागेवरून हलले नाहीत. डॉक्टर गेल्यावर सिस्टर आल्या आणि त्यांनी विचारलं, "काय दाखवत होता तुम्ही?" ह्यांनी दाखवलं. सिस्टर आपल्या पांढऱ्या कपड्यांनिशी फरशीवर गुडघे टेकून बसल्या, खालून बघितलं, वजन बोटाने हलवून पाहिलं. उठल्या आणि ह्यांना म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे." त्यांनी दोघा वॉर्डबॉयना बोलावून मला वर सरकवलं, गाठ बदलून घेतली आणि मोठ्या डॉक्टरांना स्वतः जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी पायाचा पुन्हा एक्स-रे फोटो काढला. हाड थोडं एकमेकांवर चढलं होतं. मोठे डॉक्टर माझ्या खाटेवर टेकले आणि त्यांनी मला ते समजावून सांगितलं. पाय अर्धा-पाऊण इंच आखूड राहील, म्हणाले. कुणी बसून माझ्याशी बोलण्याची ती पहिली वेळ.

त्यानंतर मला सिस्टरांशी बोलायचा धीर आला. मी म्हटलं, "सिस्टर, माझ्या मुलीला एकदा आणू द्या. पाच मिनिटं."

"नाही," त्या म्हणाल्या.

"नुसती बघते. घेत नाही."

"लहान मूल वॉर्डात येणार नाही, बाई. पलीकडे मुलांच्या वॉर्डात गोवर आहे."

मला वाटलं, ही सबब आहे. हिला मूलबाळ नसणार, हिला काय कळणार. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना त्याने काही फरक पडलेला दिसला नाही. मावशी म्हणाली, "तिचं खरं हाय पोरी. गोवर वाईट." मी मावशीशीही बोलले नाही.

सहाव्या आठवड्यात, एका शनिवारी, सिस्टर माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "तुमच्या मालकांना कार्ड टाकलंय मी. उद्या मुलीला घेऊन येतील. आवारात, कडुनिंबाखाली थांबतील. तुम्हाला व्हरांड्यात घेऊ."

रविवारी दुपारी चार वॉर्डबॉयनी माझी खाट उचलली. एक जण वजन धरून चालला, सिस्टर माझा पाय धरून. ठोकळे मागून आणले. दारातून खाट निघेना, तेव्हा त्यांनी ती तिरकी केली आणि मी दुखून ओरडले, तरी "थांबवू नका" म्हणाले. व्हरांड्यात ऊन होतं. साडेपाच आठवड्यांनी मला आभाळ दिसलं, पण मी तिकडे बघितलं नाही.

सासूबाई झाडाखाली उभ्या होत्या. कडेवर ती. हे बाजूला. मधे वीस-पंचवीस पावलं असतील. तिला टोपडं घातलं होतं आणि काजळ भरपूर लावलं होतं. ती मोठी दिसत होती, मान ताठ धरून. सासूबाई माझ्याकडे बोट करून तिला काहीतरी सांगत होत्या. मी हाक मारली. तिने आवाजाच्या दिशेने बघितलं, मग तिला झाडावर कावळा दिसला आणि ती त्याच्याकडेच बघत राहिली. मी पुन्हा हाक मारली. ती कावळ्याला हात करत होती. हसली तेव्हा खाली दोन पांढरे दात दिसले.

"दात आले," मी सिस्टरांना म्हणाले.

"हो, दिसले," त्या म्हणाल्या. त्यांनी मनगटावरचं घड्याळ उलटं फिरवून ठेवलं होतं. आम्ही पाच मिनिटांपेक्षा पुष्कळ जास्त वेळ तिथे होतो.

त्याच आठवड्यात मावशी टाच दुखते म्हणायला लागली. तरुण डॉक्टर म्हणाले, "मोडलंय खुब्यात, टाच कशी दुखेल?" ती चार दिवस सांगत राहिली. सिस्टर तेव्हा रजेवर होत्या. मग वास यायला लागला आणि वजन टांगायला तिच्या पायाला बांधलेली पट्टी सोडली तर टाचेला खोल जखम झालेली. तिला लगेच दुसऱ्या वॉर्डात हलवलं. मी त्या वेळी फोटो काढायला गेले होते. परत आले तर शेजारची खाट मोकळी होती, गादी उलटी करून ठेवलेली. निरोप घेणं झालं नाही. तिचा मुलगा आला की नाही, तेही कळलं नाही. दीड-दोन वर्षांनी शिक्षकांच्या एका शिबिरात तिच्या गावचे गुरुजी भेटले. म्हणाले, काठी घेऊन चालते, आणि कोपरगावकडे आपली एक नात आहे असं सगळ्यांना सांगते. ऐकून मी ठरवलं की लेकीला घेऊन जायचंच. शाळा होती, पुढे मुलगा झाला, एस.टी. दोनदा बदलावी लागे. जायचं जायचं म्हणत राहून गेलं. आता ती असणं शक्य नाही, तरी पाथर्डीची पाटी लावलेली एस.टी. दिसली की माझं पाऊल थबकतं.

मी घरी आले तेव्हा लेक ओसरीवर रांगत होती. मी कुबड्या टाकून हात पुढे केले. ती सासूबाईंच्या लुगड्यात घुसली आणि "आई" म्हणाली. त्यांना. सासूबाईंचा चेहरा उतरला. "मला न्हाई म्हनत ती," त्या घाईने म्हणाल्या, "भाकरीलाबी तसंच म्हनती." मी "बरं" म्हटलं. आत जाऊन पलंगावर बसले. त्यांनी माझ्या लेकीला नऊ आठवडे सांभाळलं होतं, त्यांच्यावर रागावायचं कसं?

दहा-बारा दिवस ती माझ्यापासून लांब राहिली. मी खाली बसू शकत नव्हते, तिला उचलू शकत नव्हते. मग एका दुपारी मी खुर्चीवर बसून तांदूळ निवडत होते. कुबडी मांडीला टेकवून ठेवली होती. ती रांगत आली ती कुबडीकडे. तिचा खालचा रबर चाचपला, चाखूनही बघितला. मग दोन्ही हातांनी धरून, हळूहळू, उभी राहिली. घरात तोवर ती कधी उभी राहिली नव्हती. मी श्वास धरून कुबडी घट्ट पकडून ठेवली, हलू दिली नाही. तिने वर माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग कुबडी सोडून माझ्या गुडघ्याला धरलं, मोडलेल्या पायाच्या.

पाय आखूड राहिला तो राहिलाच. उजव्या चपलेला जास्तीची टाच लावून मी पुढे तीस वर्षं शाळेत उभी राहिले. त्या रुग्णालयाला कुणी नावं ठेवली की मला सिस्टर आठवतात आणि कुणी फार वाखाणलं की मावशीची टाच.

सासूबाई असेपर्यंत मी त्यांना अधूनमधून विचारायची, पहिला दात केव्हा दिसला, रांगायला लागली ती कशी, आधी मागे सरकायची का पुढे. त्या आठवून आठवून सांगायच्या, दर वेळी थोडं वेगळं. एकदा मी फारच खोदून विचारलं, तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "मला ध्यानात न्हाई गं आता. तवा वाटलं, तू आलीस की तुला सांगू. मग तू आलीस, आन् ऱ्हाऊन गेलं."