चौथ्या कुंपणावरची चिंधी

वसंतराव मला शेवटचं जे बोलले ते खोगिरावरून, मागं वळून, “अप्पा, मागं राहू नका!” त्याला आता सहा आठवडे झाले...

अंबरनाथच्या कारखान्यात आमची टेबलं शेजारी-शेजारी होती. लष्कराच्या लिलावातली घोडी स्वस्तात घेऊन आम्ही सात-आठ जणांनी रविवारची रपेट सुरू केली, ती वसंतरावांच्याच हट्टानं. भातकापणी झालेल्या शेतांतून बदलापूरच्या बाजूला दौडायचं आणि वाटेतली कुंपणं घोड्यासकट उडी मारून ओलांडायची. एरवी नाकासमोर चालणारा हा माणूस घोडीवर बसला की ओळखू यायचा नाही. मला त्यांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

नियम एकच होता. आदल्या संध्याकाळी एकानं वाट पाहून यायची, पलीकडची जमीन तपासायची आणि जिथं उडी चालेल त्या कुंपणावर पांढरी चिंधी बांधायची. त्यासाठी वसंतराव आपलं जुनं धोतर हौसेनं फाडून देत. त्या शनिवारी पाळी माझी होती. सात चिंध्या बांधून परत आलो, तेव्हा त्यांनी विचारलं, “चिंध्या कुणी हलवू नयेत म्हणून गावात सांगून ठेवलंत ना?”

“हो, सांगितलं,” मी म्हणालो. सांगितलं नव्हतं. पाय दुखत होते, इतकंच.

रविवारी मी सगळ्यांच्या मागं होतो. चौथं कुंपण लांबून दिसलं, त्यावर चिंधी नव्हती. वाऱ्यानं गेली असेल असं वाटलं... मग पाहिलं, तर ती शेजारच्या शेतातल्या कमळूच्या वालाच्या कुंपणावर फडफडत होती आणि वसंतरावांनी घोडी तिकडं वळवली होती. त्या कुंपणापलीकडं विहिरीसाठी खणलेला खड्डा होता. आदल्या दिवशीच मी तो पाहिला होता. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, पण टापांच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. वसंतराव घोडीसकट त्या खड्ड्यात गेले, ते परत उठलेच नाहीत.

“पाखरा वाल खातान, म्हनून ती चिंदी मीनीच हिकरं बांधली, साहेब,” कमळू रडत सांगत होता. “मना काय ठावं?” कारखान्यातले लोक अजून त्यालाच बोल लावतात, आणि मी लावू देतो.

परवा वसंतरावांच्या पत्नी भेटल्या. म्हणाल्या, “भावजी, कमळूला खरंच सांगितलं होतं ना?” मी पुन्हा “हो” म्हणालो. त्या धोतराचा उरलेला अर्धा भाग माझ्या घरी खुंटीवर आहे. वारा नसतानाही तो हलल्यासारखा वाटतो... वहिनी, तुम्ही हे वाचाल तेव्हा तो घेऊन मी तुमच्या दारात उभा असेन. कमळूला मी काहीच सांगितलं नव्हतं.