सुमीचा वैताग

सातारा स्टँडवर सांगलीची गाडी लागली आणि मी चहा अर्धा टाकून पळाले. सत्तरीच्या बाईनं पळू नये, पण काय करणार? आदल्या दिवशी आष्ट्याची माझी धाकटी बहीण सुमी फोनवर म्हणाली होती, "अक्का, लय वैताग आलाय गं." बास, एवढंच. नवरा गेला तेव्हासुद्धा "बरं हाय" म्हणणारी बाई ही! माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

कऱ्हाडच्या पुढं मलकापूरला पुलाच्या कामात गाडी अडकली. पुढं उसाच्या ट्रॉल्या, मागं ट्रक. "रोजचा वैताग हाय ह्यो," म्हणत कंडक्टरबाई शेंगा सोलत बसल्या. मागची पोरगी मोबाइल बंद पडला म्हणून वैतागलेली. म्हणजे हा शब्द कुणीही, कशालाही वापरतं. मग माझाच जीव का वरखाली व्हावा?

शेजारी शिराळ्याचा फौजी होता, सुट्टीवर आलेला. "आवं आजी, सारख्या उठताय काय? गाडी ढकलायचीय व्हय?"

त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वैताग आला म्हणून सांगतंय तवर माणूस बरं असतंय. गप झालं की आमी त्याच्यावर नजर ठेवतो."

पेठ नाक्याला तो उतरला. बरोबरची भाकरी मी आष्ट्यापर्यंत सोडलीसुद्धा नाही.

सुमी उंबऱ्यातच बसली होती. अंगणात म्हस बांधायची दावण मोकळी.

"म्हस कुठाय गं?"

"इकली लेकानं. पुण्यास्नं आला, म्हणला, आई, ह्या वयात तरास नको तुला."

"मग?"

"मग काय? पहाटं जाग येती. उठून करू काय? बसती उजाडायची वाट बघत."

वाटभर मी त्या शब्दात दुखणं भरलं, भांडण भरलं, सुनेचं टोचून बोलणं भरलं. आणि इथं तर त्रास उरलाच नव्हता. लेकानं मायेनं तो काढून नेला होता.

जेवताना मी म्हटलं, "आमची म्हस हल्ली लाथा झाडती गं." साफ खोटं. गरीब जनावर आहे ते.

सुमीनं मान वर केली. "तुला कवा धार काढता आली? नुसती आचळं वडतीस. चल, मीच बघती."

दुसऱ्या दिवशी परतताना गाडी मलकापूरला पुन्हा तिथंच अडकली. सुमी खिडकीतून निम्मी बाहेर. "काय वैताग हाय गं! धारंची येळ टळंल की!"

असला वैताग तिला रोज येवो, असं मनात म्हणत मी शेंगांची पुडी सोडली.