मंदाच्या पाच चाली

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. मुलीपाशी नाही, भावापाशी नाही, आणि जिच्याबद्दल आहे तिच्यापाशी तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच तुमच्यापुढे जीभ रेटते आहे, असं समजा.

मंदा माझी बायको. माहेर सांगली. तिचे वडील फौजेतून सुटून आल्यावर त्यांनी स्टँडच्या मागच्या गल्लीत व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं होतं. सहा टीव्ही, सहा बाकडी, आणि शाळा सुटली की पोरांची झुंबड. टोकन द्यायला मंदा बसायची. पण मुलीनं खेळायचं नाही, हा दुकानाचा नियम. टीव्हींच्या पाठी तिच्याकडे, पडदे पोरांकडे. म्हणजे सहा-सात वर्षं तिनं एकही खेळ धड पाहिला नाही. फक्त ऐकला.

आणि काय ऐकला! कुठल्या पोराचा डाव आता बुडणार, हे तिला खेळामागे वाजणाऱ्या चालीवरून कळायचं. वेळ संपत आली की तीच चाल दुप्पट लयीत पळते, गुहेत शिरलं की खालचे सूर दबक्या पावलांनी चालायला लागतात — हे तिनं मला लग्नानंतर पहिल्या वर्षी सांगितलं होतं. भाकरी थापताना ती गुणगुणायची. मी विचारलं, कुठलं गाणं? म्हणाली, "गाणं न्हाई वं. पोरं पाण्यात उतरली की लागायचं ते."

मी हसलो. तेव्हाचं हसणं साधं होतं, असं मला वाटतं. वाटतं — खात्री नाही.

आता माझंही सांगायला हवं. मी साताऱ्यात एका सरकारी कार्यालयात कारकून होतो. पण घरात, गल्लीत, भजनी मंडळात मी ‘पेटीवाला’. अकरा वर्षं क्लासला गेलो. परीक्षेत दोनदा नापास झालो, हे मंडळात कुणाला माहीत नाही. वाजवतो बरा. बरा म्हणजे — कुणी उठून जात नाही, इतपत.

एकदा अंगात कणकण होती म्हणून दुपारीच घरी आलो. दाराबाहेर चपला काढताना आतून पेटी ऐकू आली. माझी पेटी. अंगठ्यानं खालचा सूर धरलेला, वरची बोटं चाल सांगतायत, तीन-तीन मात्रांचा संथ झुला, आणि मधेच एक सूर असा अलगद सोडलेला, की पाण्यात माणूस वर येता येता थांबावा. ती चाल संपत नव्हती. जिथून निघाली तिथेच येऊन मिळत होती, आणि तो सांधा कुठे आहे ते मला सापडत नव्हतं. मी दाराबाहेर उभा राहिलो. किती वेळ? तीन फेऱ्या तरी झाल्या असतील.

ते फार सुंदर होतं. हे नीट सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते न कळून केलेलं नाही.

मग मी आत गेलो आणि म्हणालो, "पोरांच्या खेळातली टुणटुण वाजवायला पेटी घेतली नाही मी."

तिनं भाता लावला. पुढे मंडळातही मी ही गोष्ट गमतीनं सांगितली, ती चहा घेऊन आलेली असताना. लोक हसले. तीही हसली. पण तुम्हाला सांगायचं आहे ते हे नव्हे. इतकं वाईट तर पुष्कळ नवरे वागतात, असं म्हणून मी हे केव्हाच पचवलं होतं. तरी ती वाजवायची — मी कार्यालयात असताना. पेटीवरचं कापड रोज वेगळ्या घडीचं असायचं.

आमची मुलगी रसिका पुण्याला नोकरीला. एका दिवाळीत आईनं तिला त्या चाली वाजवून दाखवल्या. एकूण पाच. पोरगी वेडी झाली. तिनं त्या मोबाइलवर घेतल्या आणि पुण्यातल्या एका गटाला पाठवल्या. जुन्या व्हिडिओ गेमच्या संगीताचा कार्यक्रम करणारी तरुण मंडळी होती ती. मंदाचा फोन साधा, बटणांचा. म्हणून रसिकानं उत्तरासाठी नंबर दिला माझा.

उत्तर आठ दिवसांत आलं. कडेगावहून येत होतो, कराडच्या स्टँडवर साताऱ्याची गाडी लागायची होती. तिथे बाकावर बसून वाचलं. लिहिलं होतं, की मावशींच्या चाली आम्ही सगळ्यांनी एकत्र बसून ऐकल्या. या चालींना मूळ यंत्रात मोजून तीन-चार आवाज मिळायचे. तेवढ्यात रचनाकारानं काय काय लपवलं होतं, ते आम्हाला मावशींच्या एका हातानं दाखवलं. त्यांनी पुण्याला यावं. गाडी आम्ही पाठवतो. शेवटची पाच गाणी त्यांचीच.

मी ते चार वेळा वाचलं. इतक्या वर्षांत माझ्या वाजवण्याबद्दल कुणी मला दोन ओळी लिहिल्या नव्हत्या.

राग आला का? नाही. मला आमच्या घरातली पुढची दिवाळी दिसली. पेटी मधोमध, पेटीपुढे मंदा, आणि मी चहाचा ट्रे घेऊन.

मी उत्तर लिहिलं — "त्यांची तब्येत बरी नसते. त्या आता वाजवत नाहीत."

दुसऱ्या दिवशी फोन आला. एक मुलगी होती, आवाज फार नम्र.

"काका, मग त्यांनी पाठवलेलंच ऐकवलं तर चालेल? त्यांचं नाव घेऊन?"

"नको."

"नाव न घेता?"

"नको म्हटलं ना. त्यांना आवडायचं नाही."

तिनं माफी मागितली. माझी! मावशींना लवकर बरं वाटू दे, म्हणाली. मी सगळं पुसून टाकलं. रसिकाला सांगितलं, कुणाचं काही आलं नाही. ती दोन दिवस चिडली त्या लोकांवर, मग तिच्या कामात बुडाली.

मंदानं मात्र लगेच विचारलं नाही. पंधरा-वीस दिवसांनी, शेंगा फोडत असताना, खाली बघूनच म्हणाली, "त्या पुण्याच्या पोरांचं काय आलं का वं?"

इथे फक्त ‘नाही’ म्हणून भागलं असतं. भागलं असतं ना? खोटं तेवढ्यावर राहिलं असतं. पण मी म्हणालो, "नाही. आणि काय म्हणणार ती, मंदा? शिकलेली पोरं ती. हसली असतील."

"व्हय," ती म्हणाली. "तेबी खरंच."

हेच ते. बाकी सगळं याच्या भोवतीचं होतं. ‘हसली असतील’ — हे दोन शब्द मला कुणी विचारले नव्हते.

त्यानंतर पेटीवरच्या कापडाची घडी बदलली नाही. महिना झाला, वर्ष झालं. गुणगुणणंही थांबलं. मी पाहत होतो, आणि खरं सांगू? मला हलकं वाटत होतं. त्या वर्षी मंडळात मी जरा बरं वाजवलं, असंही कुणीतरी म्हणालं.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात मंदाला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. टीव्ही मोठा लावते, हाक दिली तर दोनदा द्यावी लागते. काचेच्या छोट्या खोलीत बसवून तिच्या कानांवर हेडफोन लावले. आवाज आला की हात वर करायचा. मी काचेबाहेर. सुरुवातीला तिचा हात झटक्यात वर जात होता आणि ती हसत होती, कशाला ते मला कळेना. मग हात उशिरा जायला लागला. मग तपासणारी बाई बटण दाबत होती, आणि मंदाचा हात मांडीवर तसाच. ती तशीच वाट बघत बसलेली, मान किंचित तिरकी करून.

बाहेर आल्यावर म्हणाली, "आमच्या दुकानातल्यासारखाच टूं टूं आवाज हुता. मला लय गंमत वाटली." पुढे म्हणाली, "बारीक आवाज गेल्यात म्हणं. आता येणार न्हाईत." आणि मग, अगदी सहज, रुमालानं तोंड पुसत — "मला वाटायचं, मला त्यातलं कळतंय. उगंच आपलं."

तिथे आम्ही दोघंच होतो. बाकावर तिसरं कुणी नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, म्हणजे मी हळू बोललो असतो तरी तिला ओठांवरून कळलं असतं.

मी म्हणालो, "चल, कानाच्या मशीनचं विचारून येऊ."