कावळा शिवेल असं पुस्तक

वेणूबाईला परदेशी स्वयंपाकाची पुस्तकं मी पुरवतो, म्हणून मुरुडच्या कोळीवाड्यात कोणी मला वेडा म्हणतं, कोणी तिला. म्हणोत बापडे. एसटी स्टँडसमोर माझं रद्दीचं दुकान आहे. लॉजवर उतरलेली माणसं पुस्तकं विसरून जातात, ती शेवटी माझ्याकडे येतात. तरुणपणी मुंबईत छापखान्यात होतो, त्यामुळे मला इंग्रजी वाचता येतं. ती मासळी साफ करते आणि मी तिच्या ओटीवर बसून वाचून दाखवतो.

बाप होडीवर, नवरा होडीवर, आणि ही डोक्यावर टोपली घेऊन दारोदार. एकुलत्या कमलेशला मात्र तिने होडीला हात लावू दिला नाही. त्याला हॉटेलातला स्वयंपाक शिकायला पाठवलं. शिकून पठ्ठ्या मोठ्या जहाजावर स्वयंपाकी झाला. पळसाला पानं तीनच, दुसरं काय. त्याचा फोन आला की ही एकच विचारायची, काय जेवलास? मग तो बंदराबंदराचे पदार्थ सांगत बसायचा.

दोन वर्षांमागे जहाजावरून दुसऱ्याच कुणाचा फोन आला. कमलेश संध्याकाळी डेकवर दिसला होता, सकाळी नव्हता. प्रेतही मिळालं नाही.

दहाव्याला किनाऱ्यावर पिंड ठेवले. कावळे आले, सुरूच्या झाडांवर ओळीने बसले, पण एकही खाली उतरेना. ओरडेनातसुद्धा. ऊन चढलं तसे भटजी कंटाळले. त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी घरी गेली. वेणूबाईला काही ते पटलं नाही. ती दुकानात येऊन म्हणाली, "भागोजीभाऊ, माज्या हातची चव तो इसरला. कुठल्यातरी देशाच्या जेवनात त्याचा जीव अडकलाय. कावळा शिवंपर्यंत तो सुटायचा न्हाय. मला ती पुस्तकं दे."

आता चांगलं पुस्तक मिळणं म्हणजे काय खायचं काम आहे? गुळगुळीत कागद, पानभर फोटो, आणि कृती वाचाल तर आंधळं दळतंय. कांदा किती परतायचा ते कुणी धड सांगेल तर शपथ. माझी परीक्षा साधी: पुस्तकावर तेलाचे डाग पाहिजेत. कोरं करकरीत पुस्तक मी तिच्या दारात नेत नाही. असं शोधून शोधून मी तुर्कस्तान नेलं, ब्राझील नेलं, थायलंड नेलं.

दर अमावास्येला भर दुपारी ती किनाऱ्यावर ताट ठेवते. ती पोचायच्या आधीच कावळे झाडांवर हजर असतात. एरवी हेच मेले वाळत घातलेल्या बोंबलांवर तुटून पडतात, त्या दुपारी बोंबलांकडेही बघत नाहीत. ताटाकडे बघत नाहीत. सगळे वेणूबाईकडे बघतात. मी भुताखेतांना भीक घालणारा नव्हे, पण खरं सांगतो, मी तिच्यापासून चार पावलं मागेच उभा राहतो.

परवाच्या अमावास्येआधी फिलिपिन्सचं एक पुस्तक हाती लागलं. डागांनी पार पिवळं झालेलं. त्यात व्हिनेगर, लसूण आणि तमालपत्र घालून शिजवलेली कोंबडी होती. वाचून होईपर्यंत वेणूबाईचा कोयता थांबला होता. "ह्ये त्याला लई आवडायचं," ती म्हणाली. "त्याच्याबरोबरचा तिकडचा पोरगा करायचा."

त्या दुपारी वारा पडला होता. तिने ताट ठेवलं आणि एक कावळा उतरला. गुपचूप. ताटाभोवती फिरला, थेट तिच्या पायाशी येऊन उभा राहिला, परत ताटाशी गेला. चोचीने तमालपत्र उचललं आणि नीट कडेला ठेवलं.

"कमलेश असंच काडून ठेवायचा," ती पुटपुटली. कावळ्याने कोंबडीच्या तुकड्याकडे मान वाकवली.

वेणूबाईने झडप घालून ताट उचललं, पदराखाली झाकलं आणि हाड हाड करत ती घराकडे धावत सुटली. कावळा उडाला नाही. वाळूवरून तिच्यामागे चालत गेला, पार पहिल्या घरापर्यंत. झाडांवरचे बाकीचे जागचे हलले नाहीत.

माझं डोकंच फिरलं. तिच्या दारात जाऊन मी ओरडलो, "अगं बाई, एवढ्यासाठीच तर जिवाचं रान केलं ना आपण? शिवू द्यायचा होतास."

ती चुलीपाशी बसून ताटातलं भराभरा खात होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटचा घास गिळून तिने ताट चाटूनपुसून साफ केलं.

"शिवला असता," ती म्हणाली, "म्हंजी तो खरंच मेला असता, भाऊ."

मग तिने हात धुतले, फळीवरचं पुस्तक काढून पदराने पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

"ह्ये बरं न्हाय," ती म्हणाली. "दुसरं बग."